मालवणी मसाला निखाऱ्यावर नेताना: आधी मीठ, मग मसाला, गोड अगदी शेवटी

कोकणातला घरचा मसाला रश्श्यासाठी बनलेला आहे. मिरची, धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल हे सगळं आधीच खरपूस भाजून कुटलेलं असतं आणि पुढे त्याला पाणी व ओल्या नारळाचं वाटण मिळणार, हे धरूनच ते भाजलेलं असतं. तोच मसाला भरपूर घेऊन कोंबडीच्या तंगड्यांना फासला आणि तंगड्या थेट निखाऱ्यावर ठेवल्या, की तो दुसऱ्यांदा भाजला जातो. मग बाहेरून काळं, चवीला कडवट, आणि हाडाजवळ अळणी. त्यात वाटलेलं खोबरं असेल तर ते आधी करपतं आणि मग जाळीतून खाली गळून धूर करतं.

मसाल्याची चव बदलायची गरज नाही. मीठ, आंबट, तिखट आणि गोड यांना एकाच भांड्यात एकाच वेळी कालवणं सोडायचं. चौघांचं आगीशी वेगवेगळं नातं आहे, म्हणून चौघांची वेळही वेगळी.

मीठ

मांसात खोलवर जातं ते मीठ. लसूण, मिरची, धणे रात्रभर मुरवले तरी वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे फारसे जात नाहीत. त्यामुळे “रात्रभर मसाल्यात मुरवलंय” याचं कौतुक करायचं असेल तर ते मिठाचं करावं.

हाडासकट एक किलो कोंबडीला १५ ग्रॅम बारीक मीठ पुरतं, म्हणजे चहाचे सपाट अडीच चमचे. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्या. मीठ आणि अर्धा चमचा हळद चिरांमध्ये बोटाने नीट चोळा आणि तुकडे ताटात सुटे मांडून फ्रिजमध्ये ठेवा. चार तास तरी द्या, रात्रभर ठेवलं तर उत्तम. आधी पाणी सुटेल, मग त्यातलं बरंचसं मांस परत शोषून घेईल. कातडीसकट भाजणार असाल तर वर झाकण नको; कातडी कोरडी झाली की छान लाल होते. बोकडाच्या चापांनाही (बरगडीच्या हाडासकट तुकड्यांनाही) हेच प्रमाण. मासळीला मात्र मीठ थोडं कमी आणि अर्धा तास पुष्कळ.

ओट्यावर मुरत ठेवायची सवय एप्रिल-मे महिन्यात तरी सोडा. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या माशांच्या बाबतीत तर हे फारच पाळावं. ते उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं आणि नंतर कितीही भाजलं तरी ते जात नाही. तोंडावर लाली, डोकेदुखी, अंगावर पित्तासारख्या गांधी असा त्रास होतो, आणि खाणारा “मला मासळी बाधते” असं म्हणत बसतो. बाजारातून आणताना बर्फ, घरी आणल्यावर फ्रिज, आणि निखारे तयार झाल्यावरच बाहेर.

आंबट

लिंबू, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला दाट रस), कैरी, दही, व्हिनेगर. हे वरवरच काम करतं आणि जास्त वेळ ठेवलं तर बिघडवतं. लिंबात तासभर पडलेला पापलेट वरून पांढरा, शिजल्यासारखा होतो आणि जाळीवर उलटताना मोडतो. मासळीला पंधरा-वीस मिनिटं, कोंबडीला लिंबू असेल तर तास-दोन तास. दही सौम्य असतं, त्यात कोंबडी रात्रभर चालते. पण दही निथळून घ्या, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवलं जातं.

बोकडाचं मांस चिवट वाटत असेल तर कच्च्या पपईचा कीस, किलोला एक मोठा चमचा, तासाभरापुरता. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं आणि वेळ गेली की थांबत नाही. वरचा थर पिठूळ होतो. माझ्या मते कोवळ्या बोकडाला पपईची गरजच नसते, खाटकाला नीट सांगून चापा घेतल्या तर.

आता बांगडा, कारण निखाऱ्यावर याच्यासारखी मासळी नाही. अंगचं तेल इतकं असतं की वेगळं लावायला लागत नाही. मध्यम आकाराचे चार बांगडे पोट साफ करून, डोकं ठेवून, दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा देऊन घ्या. खलबत्त्यात सात-आठ तिरफळं (कोकणात मासळीला घालतात ती सुकी, झणझणीत वासाची फळं), आतल्या काळ्या बिया काढून फक्त सालं, चिमूटभर जाड्या मिठाबरोबर भरड ठेचा. मिक्सरमध्ये बारीक वाटू नका, तिरफळ कडवट होतं. मग त्यात सहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि तीन हिरव्या मिरच्या घालून पुन्हा ठेचा. दोन मोठे चमचे आगळ आणि पाव चमचा हळद मिसळा. आगळात मीठ आधीच असतं, तेव्हा वेगळं मीठ घालायच्या आधी बोट लावून चाखा. हे चिरांत आणि पोटात भरा, वीस मिनिटं थांबा, वरचं जादा वाटण पुसून काढा आणि मग जाळीवर ठेवा. आगळामुळे बांगडा काळसर जांभळा दिसतो; पाहुणे करपला समजतात, समजू द्या.

हळदीची पानं मिळत असतील, म्हणजे गणपतीपासून पुढचे काही महिने, तर मसाला लावलेला बांगडा पानात गुंडाळून भाजा. पान जळतं, मासा जळत नाही. रायगडात थंडीत लागणाऱ्या पोपटीत, म्हणजे शेतात मडकं लावून केलेल्या भाजणीत, भांबुर्डा या रानटी झुडपाचा पाला याच कामाला येतो. मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर मसाला लावलेली कोंबडी जाते, आणि पाल्याच्या वाफेत शिजल्यामुळे मसाला करपायचा प्रश्नच उरत नाही.

चोळायचा कोरडा मसाला

हा मालवणी मसाल्याचाच भाऊ, पण कमी भाजलेला आणि जाडसर. चार मोठे चमचे धणे, एक चमचा बडीशेप, दीड चमचा काळी मिरी, एक चमचा जिरं, एक चक्रीफूल, दोन लवंगा, थोडं दगडफूल आणि सहा-सात बेडगी मिरच्या घ्या. बेडगी रंगाला आहे. तिखट हवं असेल तर दोन-तीन लवंगी मिरच्या वाढवा. तवा कोमट करून जिन्नस नुसते गरम करा, वास सुटला की खाली. उरलेलं भाजणं निखारे करतील. खसखस आणि सुकं खोबरं यात घालू नका, दोन्ही तेलकट आणि लगेच करपणारी. गार झाल्यावर रव्याएवढं जाडसर दळा. हळद शेवटी मिसळा.

मीठ यात घालायचं नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत मीठ घातलेला मसाला आठवडाभरात ओला होऊन गोळा बनतो. शिवाय मांसाला आपण मीठ आधीच लावलेलं आहे.

भाजायच्या अर्धा तास आधी कोंबडी किंवा चापा फडक्याने टिपून घ्या. किलोला दोन मोठे चमचे खोबरेल किंवा शेंगदाणा तेल चोळा, त्यावर तीन मोठे चमचे मसाला दाबून बसवा. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलातच उतरतो, म्हणून तेल आधी. वसईकडच्या ख्रिस्ती घरातला बाटली मसाला असेल तर तोही असाच वापरता येतो. तो बारीक आणि भाजलेला असल्याने अर्धाच घ्या.

निखारे

करवंट्या लवकर पेटतात आणि जबरदस्त आच देतात, पण तितक्याच लवकर विझतात. लोणारी (लाकडाचा) कोळसा पसरून वर करवंट्या घातल्या की दोन्हींचा फायदा. काजूच्या बियांची टरफलं मात्र चुकूनही शेगडीत टाकू नका. त्यातल्या तेलाने आपल्याच हाताची कातडी भाजते, आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो.

ज्वाळा बसून वर पांढरी राख आली की निखारे एका बाजूला ओढा. कोंबडी आधी रिकाम्या बाजूला, कशाने तरी झाकून, अर्धा तास किंवा थोडी जास्त. मग निखाऱ्यावर रंगासाठी. हाडाजवळ ७४ अंश सेल्सियस झालं की तयार. थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरी घालून पाहा, रस गुलाबी नको. बांगडा थेट निखाऱ्यावर, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं, आणि जाळीपासून आपोआप सुटेपर्यंत उलटायची घाई करू नका. सालासकट कोळंबी दोन-तीन मिनिटांत होते.

गोड, म्हणजे सॉस

गूळ, साखर, मध आधी लावले तर कोळसा. ते शेवटच्या तीन-चार मिनिटांत.

पंधरा आमसुलं वाटीभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, हाताने चोळून पिळा, गाळून घ्या. स्टीलच्या पातेल्यात हे पाणी, अर्धी वाटी चिरलेला गूळ, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, चमचाभर मिरचीपूड आणि अर्धा चमचा जिरेपूड मंद आचेवर ठेवा. अॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबटामुळे चव कळकते. चमच्याच्या पाठीला पातळ थर धरायला लागला की उतरवा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. मीठ सगळ्यात शेवटी, आमसुलं खारट असतात. निम्मं वाटीत काढून ताटासाठी बाजूला ठेवा, उरलेलं ब्रशने लावा. कच्च्या मांसावरून फिरलेला ब्रश ज्या वाटीत बुडाला, ती वाटी ताटाजवळ येता कामा नये. मुरवणीचं उरलेलं पाणी सॉस म्हणून वापरायचं असेल तर आधी खळखळून उकळा. कैरीच्या दिवसांत आमसुलांऐवजी उकडलेल्या कैरीचा गर घ्या, गूळ थोडा वाढवा.

नारळ ब्रशने लावायचा नाही, ताटात वाढायचा. एका नारळाचं पहिलं दाट दूध काढा. सालासकट निखाऱ्यात भाजलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, एक भाजलेली हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर आणि मीठ त्यात वाटा, वरून लिंबू पिळा. उकळी देऊ नका, फाटतं. तिखट कोंबडीबरोबर हे आणि अलिबागचा पांढरा कांदा एवढं पुरे. हे त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात नारळाचं दूध संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

आमसुलाचा सॉस स्वच्छ बाटलीत फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतो. कोरडा मसाला काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने वापरला तर दोन-तीन महिने वासाला टिकतो. पावसाळ्यात मात्र निम्म्याच प्रमाणात करा.