दोस्ताला जनावराचं नाव ठेवायचंय? आधी आठवडाभर नुसतं बघा

नाव ठेवणं वेगळं अन् नावं ठेवणं वेगळं, एवढं ध्यानात आलं की निम्मं काम झालं.

बघायची ती सवय. रंग, जाडी, दात, बोलताना अडखळणं ह्यातलं काहीच घ्यायचं नाही. लातूरला बारावीला रूम करून राहायचो तेव्हा आमच्यातल्या एकाला रंगावरून सगळे हेला (म्हणजे रेडा) म्हणायचे, तो हसायचा बी, पण मेसला आमच्यासंगं यायचं त्यानं हळूहळू बंदच केलं. ते नाव आम्ही टाकून दिलं. अन् हाच गडी रूममालक जिन्यात आला की सगळ्यात आधी ओरडायचा, खाली जाऊन त्याला लाइटबिलाच्या गप्पात गुंतवायचा, तोवर आमची शेगडी पलंगाखाली! मग नाव पडलं टिटवी. शेतात बघितलं असंल तर माहीत असंल, टिटवी उघड्यावर ढेकळातच अंडी घालती अन् कुणी जवळ आलं की अंड्यापासून लांब जाऊन बोंबलती, म्हणजे येणारा तिच्यामागं जातो अन् अंडी वाचतात. नाव असं पाहिजे, त्यात माणसाची किंमत दिसली पाहिजे.

जनावर आपल्याकडचंच घ्या, पांडा-पेंग्विन कामून? सगळ्यांच्या डब्यातला एकएक घास खात फिरणारा असंल तर उस्मानाबादी, कारण ह्या जातीची शेळी एका झुडपापाशी थांबतच नाही, दोन पानं इथं दोन पानं तिथं. अभ्यासात बी पुढं अन् लग्नात वाढप्याला बी पुढं असा कुणी असंल तर देवणी, ह्या जातीची गाय दूध बी देती अन् बैल औताला बी चालतो. मे महिन्याच्या उन्हात बॉलिंग टाकून न थकणारा लाल कंधारी, ह्या जातीच्या बैलासारखा. दोन मिनिटं दिसून गायब होणारा मुंगूस, अन् मुंगूस दिसणं तर शुभच मानतेत.

कुत्रा, गाढव, डुक्कर ह्या शिव्या झाल्या. सरडा म्हणलं तर तो आरोप झाला. हे घेऊच नका.

नाव तोकडं ठेवा, गल्लीच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक गेली पाहिजे (उस्मानाबादीचं आमच्यात उस्मान्या झालंच). अन् बसवून जाहीर करू नका की आजपासून तुझं नाव हे, ज्या टायमाला तो ते करतोय तेव्हाच सहज तोंडातून निघू द्या, दुसऱ्यानं उचललं तर ठीक, नाही तर सोडून द्या. ग्रुपमधल्या सगळ्यांना एकएक पाहिजे, एकट्यालाच ठेवलं तर ती चिडवाचिडवी होते. त्याच्या सासऱ्यासमोर अन् ऑफिसात मात्र पूर्ण नावानंच हाक मारायची.

नाव पक्कं झालं का ते कळतं कसं, तर आमचा गडी आता पुण्यात असतो, नव्या नंबरवरून फोन केला तरी पहिलं वाक्य एकच, "आरं टिटवी बोलतोय."