डिस्पोजलची मिलिटरी गाडी घेताय? मग आधी ब्रेक उघडा, रंगाचं नंतर बघू

आर्मीने लिलावात काढलेली म्हणजे डिस्पोजलची जुनी जीप, जोंगा (जीपसारखीच पण मोठी निस्सानची गाडी), निस्सानचा वन टन (छोटा ट्रक) किंवा अगदी शक्तिमान ट्रक, यातलं काहीही घ्यायचं डोक्यात असेल तर पहिली गोष्ट हीच सांगेन की रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. बहुतेक जण उलटं करतात. गाडी आली की लगेच डेंटिंग पेंटिंग, फोटो, आणि मग ब्रेकचं काम निघालं की तोच रंग खरवडला जातो. मी माझ्या वन टनला हेच केलं होतं, लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरून वर दोन हात रंग मारला, आणि पहिल्याच पावसाळ्यात फ्लोअर पापडासारखा फुगला, स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर पत्रा आरपार. मुंबईची हवा खारी आहे, गंजावर मारलेला रंग इथे एक पाऊस काढत नाही.

कुठली गाडी घ्यायची? पहिलीच असेल तर जीप घ्या. महिंद्राने १९४९ मध्ये आपल्या माझगावातच विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे पार्ट आणि जीप उघडलेले मिस्त्री दोन्ही अजून सापडतात. जोंगा आणि वन टन दोन्ही जबलपूरच्या लष्करी कारखान्यातले, दोघांना तेच ३९५६ सीसीचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे एकाचा पार्ट दुसऱ्याला चालून जातो पण पेट्रोलचा खर्च मोजून ठेवा. शक्तिमान हा जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला मोठा ट्रक, तो सोसायटीत उभा राहणारच नाही, कर्जत-बदलापूरकडे कुणाचा प्लॉट असेल तरच विचार करा.

गाडीच्या आधी कागद बघा. आर्मीच्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-ऑक्शनमध्ये निघतात पण आपल्या हातात येईपर्यंत दोन-तीन मालक झालेले असतात. एक्स-आर्मी गाडीच्या पहिल्या पासिंगला (आरटीओ नोंदणीला) फॉर्म २१ म्हणजे सेल सर्टिफिकेट लागतं आणि ते ओरिजिनलच. चेसिसवरचा पंच केलेला नंबर वायर ब्रशने घासून स्वतः वाचा, कागदाशी एकेक अक्षर जुळवा, "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याला हात जोडून निघा. गाडी ५० वर्षांच्या वरची आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमाने विंटेज नोंदणी होते, फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पण मग रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ट्रकला ती नोंदणी लागू होते का हे आधी आरटीओत विचारा.

आता ब्रेक. या काळातल्या गाड्यांना बहुतेक वेळा सिंगल सर्किट असतं, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ड्रम काढा, व्हील सिलेंडरचा (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलेंडर) रबर बूट मागे सारा, आत ओलं दिसलं तर किट (आतले रबर सील) गेलेलं आहे. पिस्टन काढून आतल्या भिंतीवर नख फिरवा, नख कुठे अडलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे आणि नुसतं नवं किट टाकून उपयोग नाही, परत गळणारच. लेथवाल्याकडून आत स्लीव्ह (नवी नळी) टाकून घ्या. ऑइल सील, बेअरिंग, होज पाइप मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात, जुना नमुना खिशात घेऊन जा, नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर चुकीचा माल येतो. मी तसाच दोनदा परत गेलोय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, मुंबईत दर वर्षी पावसाळा संपला की सगळं बदला. आणि हेच ऑइल सांडलं तर रंग खाऊन टाकतं, म्हणून म्हणतो रंग शेवटी.

चाकं खोलताना घाई नको. विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, स्टडवर एल लिहिलेलं असतं, ते न बघता पाइप लावून जोर दिला की स्टड तुटला. कॉम्बॅट रिम म्हणजे बोल्टने जोडलेल्या दोन थाळ्या. ते बोल्ट हलवायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, पूर्ण म्हणजे पूर्ण, नाहीतर रिम तोफगोळ्यासारखी उडते आणि माणूस जातो. ट्रकच्या लॉक रिंगचं (टायर रिमवर धरून ठेवणारी कडी) तेच, हवा भरताना टायर पिंजऱ्यातच हवा, समोर उभं राहायचं नाही.

वर्षानुवर्षं उभ्या इंजिनला सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल ओता, चार दिवस राहू द्या, मग हँडलने हळूहळू फिरवा. हललं की थांबा, जुनं ऑइल काढा, नवं भरा, परत हाताने फिरवा. मग विलिसला पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले स्पार्कचे संपर्क) गॅप २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लग गॅप ३० थाउ. टाकी उतरवून आतून धुवा, आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम नवे टाका, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. विलिस ६ व्होल्टची असेल तर बॅटरीच्या केबल जाड हव्यात, अर्थिंग जिथे बसतं तिथला पत्रा चकचकीत घासा, सेल्फचे निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात.

हे सगळं चालू लागलं की मगच पत्रा, रेड ऑक्साइड आणि रंग. ऑलिव्ह ग्रीन मात्र नको, १९८९ च्या मोटर वाहन नियमांमधल्या १२१ व्या नियमाने तो फक्त डिफेन्सच्या गाड्यांचा रंग आहे. मला सुरुवातीला फार वाईट वाटलं होतं, पण नाक्यावर जवानांची गाडी वेगळी ओळखू आलीच पाहिजे. मी वाळूचा रंग मारला, डॅशवरच्या मूळ प्लेटा मास्किंग टेप लावून जशाच्या तशा ठेवल्या.

फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर टाकून फिरू नका, ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) लोड येतो. जूनच्या आधी फ्लोअरमधली पाणी जायची भोकं मोकळी करा, प्लास्टिकची ताडपत्री अंगाला चिकटवून बांधू नका, आत घाम धरतो. आठवड्यातून एकदा इंजिन नीट गरम होईपर्यंत फिरवून आणा. आणि पावसाळाभर उभीच राहणार असेल तर क्लच पेडल दाबून सीटपर्यंत लाकडाची फळी अडकवून ठेवा, नाहीतर दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते आणि नवरात्रात गाडी काढायला जाता तेव्हा गियरच पडत नाही.