राज्य उद्यानाचा आराखडा: लोकांना बोलावण्याआधीची तयारी

कॅलिफोर्नियात राज्य उद्यानाचा जनरल प्लॅन, म्हणजे उद्यानाचा दीर्घकालीन आराखडा, करायला घेतला की सभेची तारीख ठरवण्याआधी एक कागद तयार ठेवा: काय ठरून गेलंय आणि काय अजून ठरायचंय. उद्यानाचा कायदेशीर वर्ग (राज्य उद्यान, राखीव क्षेत्र वगैरे) आणि कायद्याने राखलेली पाणथळ जागा यांवर मत मागू नका. पायवाटा कुठून जाव्यात, तंबूच्या जागा किती, सायकली आणि घोडे कुठे, हे मात्र खरोखर खुलं ठेवा. नकाशावर रेघा पक्क्या झाल्यावर विचारलं, तर लोकांना ते लगेच कळतं आणि पुढच्या सभेला खुर्च्या रिकाम्या राहतात.

मग तारखा जुळवा. आराखड्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करणार असल्याची सूचना निघाली की उत्तरांसाठी ३० दिवस मिळतात. सभा त्यांतल्या पहिल्या दोन आठवड्यांत घ्या, म्हणजे घरी जाऊन विचार करून लिहायला वेळ उरतो. मसुदा अहवालासाठी सहसा ४५ दिवस असतात. मूळ रहिवासी जमातींशी सल्लामसलत मात्र वेगळी. ज्यांनी तशी विनंती नोंदवली आहे त्यांना २०१४ च्या एबी ५२ कायद्याप्रमाणे प्रकल्प हाती घ्यायचं ठरल्यापासून १४ दिवसांत लेखी कळवायचं असतं. दफनभूमी कुठे आहे हे कोणी भरसभेत सांगणार नाही, आणि ती माहिती सभेच्या नकाशावर कधीच येऊ देऊ नका.

सभेत माइकपुढे रांग लावली की ठरावीक माणसंच बोलतात. त्यापेक्षा सहा-आठ जणांमागे एक टेबल, त्यावर मोठा नकाशा, ट्रेसिंग पेपर, जाड पेनं आणि लिहून घेणारा एक माणूस. नकाशात उतार आणि पूररेषा हव्यातच, नाहीतर पार्किंग ओढ्यात काढलं जातं. दुभाषा आणि व्हीलचेअरची वाट आधी तपासा. सभेला मुख्यतः शेजारी आणि संघटना येतात. दुरून येणारे भेटतात ते शनिवारी, पायवाटेच्या तोंडाशी. तिथे दोन माणसं आणि छोटी प्रश्नावली ठेवा.

आलेल्या प्रत्येक मताला क्रमांक, जागा, विषय आणि त्याच्याशी जोडलेला निर्णय, एवढे रकाने पहिल्या दिवसापासून भरा. एकाच मजकुराची दोनशे पत्रं हा एक मुद्दा असतो. ‘ही वाट दर हिवाळ्यात पाण्याखाली जाते’ असं एकच पत्र अख्खी आखणी बदलू शकतं. शेवटचा रकाना ‘घेतलं की नाही, आणि का’. पर्यावरणाच्या मुद्द्यांना अंतिम अहवालात लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि ज्या सरकारी संस्थांनी मत दिलंय त्यांना ते अहवाल प्रमाणित होण्याच्या किमान १० दिवस आधी पोचलं पाहिजे.