डिझेल पिकअपने ट्रेलर ओढताय? तीव्र उतारावर या चुका टाळा

डिझेल पिकअप घेताना पहिला प्रश्न चढाचाच असतो: एवढा ट्रेलर ओढेल ना? रॅमचं कमिन्स, फोर्डचं पॉवर स्ट्रोक, जीएमचं ड्युरामॅक्स, आजचं यांतलं कुठलंही इंजिन ओढतं. इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोमुळे डोंगरावरच्या विरळ हवेतही त्याचा दम फारसा कमी होत नाही. गाडी अडचणीत येते ती उतारावर, आणि बहुतेक वेळा चूक माथ्यावरच झालेली असते.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातला आय-७० महामार्ग घ्या. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना ११,१५८ फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडला की रस्ता सिल्व्हरथॉर्नपर्यंत दोन हजार फुटांहून जास्त खाली येतो, काही ठिकाणी सात टक्के उताराने. पिकअप, ट्रेलर आणि सामान मिळून आठ टन वजन दोन हजार फूट खाली आणताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्यात नळाचं १४० लिटर पाणी उकळीला येईल. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. बाकीची इंजिनने पचवायची की ब्रेकने, हे तुम्ही ठरवायचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘डिझेल आहे, इंजिनच धरेल’ हा भरवसा. पेट्रोल इंजिन हवा अडवून वेग धरतं, डिझेल तसं फारसं धरत नाही. त्यासाठी एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो टर्बोची पाती मिटवून धुराची वाट अडवतो आणि त्या दाबाने इंजिन गाडीला मागे ओढतं. बऱ्याच पिकअपमध्ये त्याचं बटण स्वतः दाबावं लागतं. शिवाय आरपीएम कमी असेल तर त्याचा जोर पडत नाही, म्हणून टो/हॉल मोड (ओझं ओढताना गिअरबॉक्सला खालचे गिअर धरायला लावणारी सोय) आणि खालचा गिअर हवाच. हे सगळं उतार सुरू होण्याआधी झालं पाहिजे. वेग वाढल्यावर गिअरबॉक्स खालचा गिअर घ्यायला नकार देतो, कारण इंजिन मर्यादेबाहेर फिरेल. रस्त्यावर बर्फ असेल तर मात्र एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा. तो फक्त पिकअपची चाकं धरतो आणि मागून ट्रेलर ढकलत राहतो.

‘ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा’ हा आपल्या घाटांतल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम. जुन्या ट्रकला तो चपखल बसायचा. आजच्या इंजिनांची ओढण्याची ताकद धरण्याच्या ताकदीपेक्षा बरीच जास्त आहे, त्यामुळे ज्या गिअरने आरामात चढलात तो उतरताना अपुरा पडू शकतो. अजून एक खाली घ्या. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं, ज्याने खंडाळ्याच्या घाटात कितीतरी बळी घेतले आहेत, ते इथेही तितकंच घातक आहे. गिअरमध्ये असताना पाय काढला की आधुनिक इंजिन डिझेल सोडतच नाही. मग न्यूट्रलने वाचवणार काय?

ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ४५ मैलांचा वेग ठरवला असेल तर तिथे पोहोचल्यावर जोरात दाबून ४० वर आणा आणि पाय पूर्ण काढा. मधल्या वेळात डिस्क थोडी निवते.

पेडल मऊ पडून खाली जायला लागलं तर ब्रेक ऑइल उकळलंय. ओलावा शोषलेलं डॉट ३ ऑइल १४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू शकतं, म्हणून जुनं ऑइल घेऊन डोंगरात जाऊ नका. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर लायनर तापलेत. दोन्हींत खालचा गिअर मिळत असेल तर घ्या आणि जागा मिळताच थांबा. थांबणं शक्य नसेल तर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी रस्त्याकडेला केलेल्या खडीच्या चढणीत गाडी घाला. ट्रेलरचं काय होईल याचा विचार त्या क्षणी करू नका.

ट्रेलर डोलायला लागला तर पिकअपचा ब्रेक मारू नका. पिकअपमधल्या ट्रेलर-ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. वारंवार डोलत असेल तर सामान मागे भरलंय: साध्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडावर) ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पडायला हवा. तो भार पिकअपच्या पेलोडमधून, म्हणजे ती अंगावर पेलू शकते त्या वजनातून, वजा होतो, हे बरेच जण विसरतात. दरवाज्याच्या चौकटीवरचा आकडा वाचा.

चढावर तापमानाचा काटा वर गेला तर एक गिअर खाली घ्या आणि वेग कमी करा. माथ्यावर थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता दोन-चार मिनिटं चालू ठेवा, टर्बोतलं तेल जळत नाही.

खाली पोहोचल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर सगळ्या चाकांवर धरा. पिकअपची चाकं तापलेली आणि ट्रेलरची गार असतील तर कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते ठरवणारं सेटिंग) कमी आहे किंवा ट्रेलरच्या वायरची सात पिनांची जोडणी सैल आहे. ट्रेलरचं एकच चाक जास्त गरम असेल तर तो ब्रेक चिकटलाय नाहीतर बेअरिंग जातंय. पुढचा घाट चढण्याआधी ते चाक उघडून बघा.