पिल्लू उचलू नका, शून्य खोडू नका

ऊसतोड भरात आली की माझा फोन पहाटेपासून वाजायला लागतो. "दादा, बिबट्याचे बछडे सापडलेत, तीन आहेत. काय करू?" मी विचारतो, "आत्ता कुठं आहेत?" उत्तर ठरलेलं असतं: "माझ्या घरी."

सगळं तिथंच बिघडलेलं असतं. प्राण्यांसाठी काहीतरी करावंसं वाटणाऱ्या माणसाचा हात आधी पुढं जातो, वही मागून येते. बारा-तेरा वर्षं गावोगावच्या पोरांबरोबर ठसे, विष्ठा आणि ट्रॅप कॅमेरे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे) यांच्या मागं फिरतोय. पोरं दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच.

पिल्लू उचलणं

एकदा अशाच फोनवर गेलो. पोचेपर्यंत दोन तास झाले होते. पिल्लं बुटाच्या खोक्यात, भोवती निम्मं गाव, आणि स्टेटसला फोटो पडून तालुकाभर बातमी झालेली. एक पुढारी पिंजरा मागत होते. मी खोक्यात डोकावलो. अंगावर एकही ठिपका नाही, फिकट पट्टे, कान टोकदार. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच दाट ठिपक्यांचं असतं आणि कान गोल असतात. ही रानमांजराची पिल्लं होती. म्हणजे रात्रभर त्याच शेतातले उंदीर मारणारीची. पुढारी जरा हिरमुसले.

तोवर एकाला कुणीतरी प्रेमानं सिरिंजनं गाईचं दूध पाजलं होतं. दूध श्वासनलिकेत गेलं. संध्याकाळपर्यंत ते मेलं. उरलेली दोन आम्ही क्रेटमध्ये घालून, होती त्याच बांधाला अंधार पडता पडता ठेवली आणि समोर कॅमेरा लावला. आई नऊच्या सुमाराला आली, एक मानेला धरून नेलं, तासाभरानं दुसऱ्यासाठी परत आली. मग पुन्हा एकदा आली आणि रिकामा क्रेट हुंगत बसली. तो फोटो मी नव्या पोरांना मुद्दाम दाखवतो.

तेव्हा पिल्लू सापडलं तर ते सोडून दिलेलं नाही, असंच धरून चाला. आई शिकारीला गेलेली असते, किंवा ऊसतोडीच्या टोळीच्या आवाजानं शेजारच्या फडात दबून बसलेली असते. मी काय करतो? जागेवर काठी रोवून लाल फडकं बांधतो, तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवायची विनंती करतो, माणसांना लांब नेतो आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावतो. बिबट्याची पिल्लं असतील तर पुढचं सगळं वनविभागाचं काम. आपण गर्दी आवरायची, एवढंच. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हा समज डोक्यातून काढा. आणि कायदाही लक्षात असू द्या: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणंही येतं. हेतू कितीही चांगला असला तरी.

"पकडून जंगलात सोडा" ही मागणी तर दर वेळी होते. कुठल्या जंगलात? वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात ट्रॅप कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या, शेतीच्या त्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. ऊस हेच त्यांचं घर. त्याआधी जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडं सोडण्याचा प्रयोग झाला होता. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, वाढले.

शून्य न लिहिणं

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जास्त बोचते. आमचा गट महिन्यातून दोनदा कालव्याकाठची दोन किलोमीटरची एकच वाट चालायचा. तीन वर्षं चाललो. पुढं एक संशोधक विद्यार्थिनी आली. "या भागात खोकड कमी झालंय का?" मी ऐटीत वही पुढं केली. तिनं पानं उलटली आणि विचारलं, "जुलै ते ऑक्टोबर एकही नोंद नाही. खोकड दिसलं नाही, की तुम्ही गेलाच नाही?"

मला सांगता येईना. काही दिसलं नाही त्या दिवशी आम्ही काही लिहितच नव्हतो! किती जण होतो, किती वाजता निघालो, पाऊस होता का, कशाचाच पत्ता नाही. तीन वर्षांची पायपीट म्हणजे खोकडाच्या भेटींची डायरी निघाली.

आता नियम एकच. निघताना तारीख, वेळ, माणसं आणि हवा लिहायची. परत आल्यावर काही दिसलं नसेल तर ठळक शून्य. ज्याला शून्य लिहायचा कंटाळा येतो त्याला मी दुसऱ्या खेपेला बोलावत नाही. पोरं चिडतात, चिडू देत. आणि रात्री घरी गेल्यावर आठवून लिहिणार असाल तर मुळीच लिहू नका. चहा होईपर्यंत दोन कोल्ह्यांचे चार झालेले असतात.

कोल्ह्यावरून आठवलं. कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल, खोकड म्हणजे फॉक्स; पण बरेच जण दोघांनाही फॉक्सच म्हणतात. खोकड अंगानं लहान, शेपटीचं टोक काळं. तुम्ही नुसतं 'फॉक्स' लिहिलंत की ती नोंद वाया गेली. उदमांजर (सिव्हेट) आणि पाणमांजर (ऑटर) यांचाही असाच घोळ होतो. खात्री नसेल तर 'मांजराएवढा, लांब शेपटीचा प्राणी' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

ट्रॅप कॅमेऱ्याची घाई

कॅमेरा आला की पोरांना तो त्याच रात्री लावायचा असतो. छातीएवढ्या उंचीवर बांधतात, मग साळिंदराच्या पाठीचे चार काटे तेवढे मिळतात. मध्यम आकाराच्या प्राण्यांसाठी गुडघ्याएवढी उंची पुरते. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको. सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो, त्यामुळं कोवळ्या उन्हात हललेल्या गवताचे हजारभर फोटो निघतात आणि बॅटरी संपते. मी उत्तरेकडं तोंड करतो, समोरचं गवत हातानं काढतो, मग स्वतः चार पायांवर रांगत कॅमेऱ्यासमोरून जातो. लोक हसतात, पण कोन बरोबर आहे का ते असंच कळतं.

बॅटरी बदलल्यावर तारीख तपासा. काही कॅमेरे गुपचूप मूळ तारखेवर जातात आणि भर उन्हात 'मध्यरात्रीचं' मुंगूस दिसतं. रोज कार्ड बघायला जाऊ नका. तुमच्याच वावरानं प्राणी वाट बदलतो. खासगी शेतात मालकाला विचारा, आणि वनक्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावूच नका.

जागा जाहीर करणं

खवल्या मांजराचं बीळ सापडलं की आनंद होतो, कबूल. पण फोटोत मागची टेकडी आणि विजेचा खांब दिसला तरी जाणत्याला जागा कळते. खवल्या मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं २०१६ मध्ये ठरलं. चोरटा व्यापार थांबलेला नाही. आयनॅचरलिस्टसारखी निसर्गनोंदींची संकेतस्थळं धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर करतात. तुमचा व्हॉट्सअॅप गट करत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पाणवठ्यावरच्या मोजणीला शिरगणती समजू नका. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसणं हा सुंदर अनुभव आहे, वनविभागही आता त्याला 'निसर्गानुभव' म्हणतो. तेच डुक्कर रात्रीत तीनदा पाणी प्यायला येतं, म्हणून डुकरं तीन होत नाहीत.

ठशात नखं दिसत असतील तर बिबट्या म्हणायची घाई करू नका. तरस किंवा कुत्रं असण्याची शक्यता जास्त. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. ओल्या चिखलातला ठसा पसरतो, त्यावरून प्राण्याचं आकारमान सांगू नका. शेजारी पट्टी ठेवल्याशिवाय काढलेला फोटो मी उघडतसुद्धा नाही.

विष्ठा उघड्या हातानं फोडू नका. रस्त्यावर मेलेल्या प्राण्याची नोंद घेताना आधी गाडीला दिवे लावून बाजूला घ्या, मग प्राण्याकडं वळा. आणि जमिनीवर पडलेलं वटवाघूळ हातमोज्यांशिवाय उचलू नका. चावलंच तर जखम साबणानं भरपूर धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.