वयस्क कुत्रा लंगडू लागला तर
प्रथम त्याचा पंजा उजेडात धरून बोटांमधील फटी, गादी आणि नखे नीट पाहावीत. पुष्कळदा तेथे काटा किंवा काचेचा तुकडा रुतलेला सापडतो. तसे काही नसेल आणि झोपेतून उठताना पाय ताठरत असतील, तर बहुधा संधिवात असतो. तो कण्हत नाही म्हणून दुखत नाही, असे समजू नये. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी कळवळ्यापोटीही देऊ नये, कारण पहिलीने जठरात व्रण पडून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि दुसरीने यकृताला इजा पोहोचू शकते. वेदनाशामक पशुवैद्यकाने वजन व रक्ततपासणी पाहूनच ठरवावे. गुळगुळीत फरशीवर न सरकणारी चटई अंथरावी. मागचे पाय अचानक लुळे पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.