मुरमांचे डाग आणि खड्डे : या चुका टाळा

मुरूम जातात, खुणा राहतात. मग एकामागून एक ट्यूब आणल्या जातात, अर्ध्यावर सोडल्या जातात आणि 'माझ्या चेहऱ्याला काहीच लागू पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. खरं तर अनेकदा औषध वाईट नसतं, ते भलत्याच खुणेवर लावलेलं असतं.

डाग आणि खड्डा एकच समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ओळखायला सोपं आहे. खोलीतला वरचा दिवा बंद करा, एका बाजूने उजेड पडेल असं बसा आणि आरशात बघा. त्वचा खाली गेली असेल तर तिथे बारीक सावली दिसते. सावली नाही, बोटालाही सपाट लागतंय, म्हणजे तो नुसता रंगाचा फरक आहे. तपकिरी असेल तर ते साचलेलं मेलॅनिन. लाल असेल आणि पारदर्शक काच दाबल्यावर फिका पडत असेल, तर त्या रुंदावलेल्या केशवाहिन्या.

असे सपाट डाग बहुधा काही महिन्यांत आपसूक फिके होतात. सनस्क्रीन नेमाने लावलं तर लवकर, उन्हात तसंच फिरलं तर उशिरा. तपकिरी डागांना अझेलाइक अ‍ॅसिड किंवा रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातलं औषध) मदत करतं. खड्ड्याचं तसं नाही. तिथे आतलं कोलॅजनच, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिनच, कमी झालेलं असतं. अडॅपलिनसारख्या रेटिनॉइडने महिनोन्महिने लावून थोडा फरक पडतो, पण खोल खड्डा भरून काढणारं क्रीम अस्तित्वात नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

सगळ्या खड्ड्यांवर लेझर

खड्डेही एका जातीचे नसतात. काही सुईने टोचल्यासारखे : तोंड दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद, पण खोल. यांना आइस पिक म्हणतात. नेहमीचं लेझर त्यांच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही. तिथे डॉक्टर टोकदार काडीने तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब नेमका आत सोडतात किंवा तेवढाच भाग कापून तिथे टाका घालतात. (हे अ‍ॅसिड ऑनलाइन मागवून घरी करून बघणारे लोक आहेत. भाजल्याचा नवा व्रण हवा असेल तरच करा.) दुसरे रुंद, उभ्या कडांचे. ते उथळ असतील तर फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारलेलं लेझर) किंवा मायक्रोनीडलिंगला (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) चांगला प्रतिसाद देतात. तिसरे लाटांसारखे, कडा अस्पष्ट. गाल दोन बोटांनी ताणला की ते जवळजवळ नाहीसे होतात. यात त्वचेला खालून तंतूंनी धरून ठेवलेलं असतं. ते तंतू सुईने सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. ते न करता वरून कितीही लेझर मारलं तरी पकड तशीच राहते.

एकाच चेहऱ्यावर बऱ्याचदा यातले एकाहून जास्त प्रकार असतात. म्हणून 'अमुक लेझरच्या इतक्या सिटिंग' असं ठरावीक पॅकेज चेहरा न तपासताच कुणी पुढे केलं, तर मी तिथून उठेन.

जबडा, छाती, खांदे, पाठ इथे व्रण कधीकधी उलट वर उठतात. केलॉइडची (जखमेपेक्षा मोठा वाढत जाणारा उठावदार व्रण) प्रवृत्ती असेल तर आधीच सांगा, कारण टोचण्या-घासण्याने तो वाढू शकतो. त्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा सिलिकॉन जेल लागतं.

नवे मुरूम येत असतानाच खड्ड्यांच्या मागे लागणं

आधी मुरूम आटोक्यात, मग खड्डे. रोज नवा सुजलेला मुरूम म्हणजे उद्याचा नवा खड्डा. आणि नखाने फोडणं बंद.

डाग जाण्यासाठी स्टेरॉइडमिश्रित क्रीम

ही मिश्रणं सुरुवातीला खरोखर चेहरा उजळ दाखवतात, फसगत तिथेच होते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव ट्यूबच्या घटकांत दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, मुरूम उसळतात आणि बंद करताच चेहरा लाल होऊन जळजळतो. आधीच लावत असाल तर एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यांनीही त्वचा जळते आणि तिथे नवा काळा डाग पडतो. घरगुती डर्मारोलरही (सुयांचा छोटा रोलर) नकोच. त्याच्या छोट्या सुया खड्ड्यापर्यंत पोहोचत नाहीत, लांब सुया घेतल्या तर संसर्गाचा धोका.

डॉक्टरांपासून माहिती लपवणं

मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या बंद केल्या असतील तर सांगा. पूर्वी गोळ्या बंद केल्यावर खड्ड्यांच्या उपचारांसाठी सरसकट सहा महिने थांबायला लावत. आता हलक्या पीलसाठी (अ‍ॅसिडने त्वचेचा वरचा थर सोलणं) तेवढी सक्ती नाही, पण डर्माब्रेजन (यंत्राने त्वचा घासणं) आणि त्वचेचा वरचा थर पूर्ण काढणाऱ्या लेझरबाबत सावधगिरी आहेच. गर्भधारणेचा विचार असेल तर तेही सांगा, या गोळ्या गर्भाला घातक आहेत. त्वचा सावळी असेल आणि आधी जखमेनंतर काळे डाग पडले असतील, तर लेझरची ताकद कमी ठेवावी लागते.

पंधरा दिवसांत निकाल मागणं

नवं कोलॅजन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. मायक्रोनीडलिंगच्या एका सिटिंगनंतर दुसरी साधारण चार ते सहा आठवड्यांनी होते. लगेच गाल भरलेला दिसला तर ती बऱ्याचदा सूज असते. सुरू करण्यापूर्वी त्याच बाजूच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा आणि पुढचे फोटो तिथेच बसून काढा. आणि किती टक्के सुधारणा अपेक्षित आहे, हे पहिल्या भेटीतच विचारा. 'पूर्ण जातील' असं उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.